कंदमुळांची पेठ आणि धर्मादायाचा हिशेब

गोव्याच्या सीमेला भिडलेल्या जोयडा तालुक्यात, काळी नदी ज्या डोंगररांगांत उगम पावते त्यांच्या आसऱ्याने, बाजारकुणंग आणि भोवतालच्या वाड्या वसल्या आहेत. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबईच्या अंमलाखाली होता आणि तालुक्याचे नाव सुपा असे होते; पुढे काळीवर धरण झाले, जुने सुपा जलाशयात बुडाले आणि कचेरी जोयड्यास गेली. रानाचा एखादा तुकडा तोडून, जाळून, दोनतीन हंगाम नाचणी काढावयाची आणि मग तो वर्षानुवर्षे पडीक सोडावयाचा, ही कुमरीची जुनी वहिवाट इंग्रजी अमदानीत वनखात्याने आवळत नेली, तेव्हा येथील कुणब्याच्या हाती उरली ती दरीतली भाताची खाचरे आणि घरामागचा परसू.

या परसात मुडली, कोन, कणगी असे नाना जातींचे कंद पिकतात. मुडली अळूच्या कुळातली खरी, पण शहरातल्या मंडईत मिळणाऱ्या अळकुड्यांशी तिचे आकारमान ताडून पाहण्यात अर्थ नाही. ती झाडाच्या बुंध्यासारखी जाडजूड वाढते आणि एकेक कंद काही किलो भरतो. पावसाच्या तोंडावर लावणी, शेणखत, चुलीतली राख आणि रानातला पालापाचोळा एवढाच खुराक, आणि हिवाळ्यात खणणी. अळूवर्गातल्या कंदांत ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून भाजीत आमसूल किंवा चिंच पडल्यावाचून चालत नाही. खतामुळे या पिकाचे अडत नाही. अडते ते रानडुकरांमुळे, आणि २००७ साली ज्या अरण्याचा मोठा भाग वाघांसाठी राखून ठेवण्यात आला तेथे डुकरावर बंदूक रोखणे हा गुन्हाच ठरतो.

हिवाळ्यात जोयड्यास कुणबी समाजाच्या पुढाकाराने कंदमुळांचा मेळा भरतो. तेथे शहरातून येणारा सुस्थितीतला गिऱ्हाईक पुष्कळदा मनात दानबुद्धी घेऊन येतो. निर्विष अन्नही मिळेल आणि वनवासी बांधवांस हातभारही लागेल, असा दुहेरी पुण्याचा हिशेब त्याने मांडलेला असतो. हेतू वाईट नाही, पण या हिशेबात विकणारा याचक ठरतो, आणि माझ्या मते सारी गफलत तेथेच होते.

शेती आणि धर्मादाय यांचा खरा सांधा कसा जुळतो हे पाहावयाचे असेल तर वरोऱ्याचे आनंदवन पाहावे. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापली आणि लवकरच सरकारने दिलेल्या खडकाळ जमिनीवर कुष्ठरोग्यांनी स्वतः विहीर खणून भाजीपाला पिकवला. माल चोख होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. महारोग्याच्या हातची भाजी गावाने नाकारली. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे राहून त्यांच्याबरोबर राबले, एका पंक्तीस जेवले, आणि मग वरोऱ्याच्या लोकांची भीड चेपली. (परक्याने जेवल्याशिवाय आपल्या माणसाचे अन्न आपल्यास पवित्र वाटू नये, हे आपल्या समाजाचे लक्षण म्हणावे की व्यंग, कोण जाणे!) देणग्या आनंदवनास पुढेही मिळाल्या; परंतु भाजी विकली जाऊ लागली तेव्हा रोग्यास जे मिळाले ते कोणत्याही देणगीच्या पावतीत बसणारे नव्हते. १९६७ पासून मूलजवळ सोमनाथ येथे याच समितीने बऱ्या झालेल्या रोग्यांच्या हातून मोठी भातशेती उभी केली.

जोयड्याच्या परसवाल्यास हवे आहे ते हेच, रीतसर विक्रेत्याचे स्थान. निदान पाच शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करावयाची आणि त्यावर सेंद्रिय मालाचा दाखला मिळवावयाचा, अशी सहभागी हमीची सरकारमान्य पद्धत आपल्याकडे आहे. लहान शेतकऱ्यास महागडा परीक्षक बोलवावा लागत नाही. पण दाखल्याने भाव बांधला जात नाही. मेळ्याच्या दिवशी हौसेने चार रुपये अधिक मोजून एरवी कुणब्यास दलालाच्या हवाली करणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा, लावणीपूर्वीच दर ठरवून काही रक्कम आगाऊ देणारा ग्राहकसंघ कितीतरी उपयोगाचा. असा करार कोणी करणार असेल तर रानडुकरांनी उकरलेल्या परसाचा तोटा किती प्रमाणात कोणाच्या खाती पडणार, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहून घ्यावे.