सर्किट बोर्ड कशाचा करावा?

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडला तर आत बहुधा तपकिरी बोर्ड दिसतो. संगणक उघडला तर बहुधा हिरवा. दोन्हींवर तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात आणि त्याच तारांचे काम करतात. अशा बोर्डाला आपण पीसीबी म्हणतो. 'हिरवा बोर्ड चांगला आणि तपकिरी वाईट, असे का?' हा विद्यार्थ्यांचा प्रश्न शिक्षकांच्या ओळखीचा असेल. या प्रश्नात दोन गोंधळ आहेत.

पहिला गोंधळ रंगाचा. हिरवा रंग वरून दिलेल्या लेपाचा असतो. नको तिथे डाख चिकटू नये म्हणून तो लेप देतात. खरा पदार्थ ओळखायचा तर बोर्डाची कड पाहावी. कड फिकट पिवळसर आणि अर्धपारदर्शक असेल तर तो बहुधा काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ यांचा बनलेला असतो. बाजारात त्याला एफआर-४ म्हणतात. कड तपकिरी, पुठ्ठ्यासारखी असेल तर तो कागद आणि फिनॉलिक राळ यांचा. ही राळ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली तयार केलेल्या बेकेलाइटच्या कुळातली. दोन्ही राळी उष्मादृढ, म्हणजे एकदा घट्ट झाल्या की तापवून पुन्हा वितळत नाहीत.

दुसरा गोंधळ 'चांगला' या शब्दाचा. बोर्ड कुठे आणि कशासाठी वापरायचा हे ठरल्याशिवाय चांगला कोणता ते सांगता येत नाही. त्यासाठी एक ठिकाण घेऊ. मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर, आणि हवेत मिठाचे सूक्ष्म कण. अशा गावात गच्चीवरच्या टाकीसाठी पाण्याची पातळी ओळखणारे सर्किट बसवायचे आहे, असे समजू.

पाणी आणि मीठ

या सर्किटात टाकीच्या वरच्या टोकाशी दोन सळ्या असतात. पाणी सळ्यांपर्यंत चढले की त्यांच्यामधून अगदी थोडा प्रवाह वाहतो आणि पंप बंद होतो. सळ्यांमधला दाब १२ व्होल्ट आणि पाण्याचा रोध १ लाख ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने हा प्रवाह १२० मायक्रोअँपिअर येतो. टाकी रिकामी असताना तो शून्य हवा.

आता कागदाचा विचार करा. कागद म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंवरचे हायड्रॉक्सिल गट पाण्याला धरून ठेवतात. राळेने कागद भिजवलेला असला तरी कापलेल्या कडांतून आणि भोकांतून ओल आत शिरते. काचतंतू पाणी शोषत नाहीत आणि इपॉक्सी फार थोडे शोषते. म्हणून एफआर-४ चोवीस तास पाण्यात ठेवला तरी त्याचे वजन साधारण ०.१ टक्काच वाढते. कागदी बोर्डाचे त्याच्या कित्येक पट वाढते.

ओल शिरली की रोध घसरतो. दोन पट्ट्यांमधला रोध ४ लाख ओहमपर्यंत आला, तर टाकी रिकामी असूनही ३० मायक्रोअँपिअर वाहतील. सर्किट संवेदनशील असेल तर 'टाकी भरली' असे समजून ते पंप सुरूच करणार नाही. बोर्डच पाणी झाल्यासारखा वागला!

पण एफआर-४ घेतला म्हणजे काम झाले, असेही नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून द्रावण बनते. बोर्डावर बसलेल्या मिठाचेही तेच होते. त्या द्रावणातून एका पट्टीचे तांबे विरघळून दुसरीवर साचते. तांब्याचा मुलामा देण्याचा प्रयोग आपण वर्गात दाखवतो, तोच हा. यावर उपाय पदार्थ बदलण्याचा नाही. जोडकाम झाल्यावर बोर्ड स्वच्छ धुऊन, वाळवून त्यावर संरक्षक लॅकरचा थर द्यावा लागतो.

उष्णता आणि वारंवारता

शिसे-कथलाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना. साध्या एफआर-४ मधली राळ १३० ते १४० अंशांनंतर मऊ पडू लागते आणि बोर्ड जाडीच्या दिशेने बराच फुगतो. डाख देणे काही क्षणांचे असते म्हणून निभावते. सतत तापणाऱ्या ठिकाणी पॉलिइमाइडसारखा पदार्थ घेतात. एलईडीच्या दिव्यात प्रश्न उष्णता बाहेर काढण्याचा असतो. एफआर-४ उष्णतेचा मंदवाहक, म्हणून तिथे अनेकदा ॲल्युमिनिअमचा पत्रा आणि त्यावर विद्युतरोधक पातळ थर वापरतात.

वारंवारता वाढली की आणखी एक प्रश्न येतो. संकेताची काही ऊर्जा आधार-पदार्थातच उष्णता होऊन जाते. समुद्रावर जाणाऱ्या होडीतला जीपीएस संच १५७५ मेगाहर्ट्झचा अतिशय क्षीण संकेत पकडतो. तिथे पट्ट्या आखूड असल्याने एफआर-४ चालतो. डिश अँटेनाच्या तोंडाशी १० गिगाहर्ट्झच्या वर काम असते. तिथे टेफ्लॉन आणि काच यांच्या किंवा तशाच कमी हानीच्या बोर्डाचा विचार करावा लागतो. टेफ्लॉनमधली हानी एफआर-४ च्या एक दशांशाहूनही कमी असते. किंमत मात्र कितीतरी जास्त.

वर्गात करून पाहा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन्ही प्रकारचे कोरे बोर्ड मिळतात. सारख्या मापाचे तुकडे उन्हात वाळवून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला. चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसा, पुन्हा तोला आणि वजनातली शेकडा वाढ काढा. तुकडे शक्यतो दुकानातूनच कापून आणा, कारण काचतंतूंची धूळ श्वासातून जाऊ देऊ नये. बोर्ड जाळून पाहू नका; धूर विषारी असतो.

नंतर मुलांना विचारा : खेळण्यातल्या गाडीसाठी कोणता बोर्ड घ्याल? कोरड्या घरात चालणाऱ्या स्वस्त खेळण्याला तपकिरी बोर्ड पुरतो. टाकीच्या सर्किटाला तो पुरत नाही. 'चांगला कोणता?' याऐवजी 'त्याला काय सोसावे लागेल?' हा प्रश्न मुले विचारू लागली, तर पदार्थाची निवड त्यांना समजली.