अथालचे आजोबा आणि फिफाचा नियम

समजा, १९५७ साली अथालमध्ये एक मुलगा जन्मला. दादरा-नगर हवेलीत सिल्वासाहून नरोलीकडे जाताना दमणगंगेच्या काठी लागणारं हे गाव. आज तिथे कारखान्यांच्या शेड आहेत आणि पाळी सुटली की रस्त्यावर वारली, गुजराती, मराठीच्या जोडीला भोजपुरी आणि ओडियाही कानावर पडते. १९५७ साली यातलं काहीच नव्हतं. मुख्य म्हणजे अथालला तेव्हा धड देशही नव्हता. पोर्तुगालच्या लेखी तो मुलगा पोर्तुगीज, भारताने हा प्रदेश अजून सामील करून घेतलेला नाही आणि कारभार वरिष्ठ पंचायतीच्या हाती. हे पोरगं उद्या उत्तम फुटबॉल खेळायला लागलं, तर कुणाकडून खेळणार?

प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नाही. आजचं आंतरराष्ट्रीय फुटबॉल बऱ्याच अंशी ‘तुझे आजी-आजोबा कुठे जन्मले’ या एका चौकशीवर चालतं. ती चौकशी करताना असं गृहीत धरलेलं असतं की माणसं हलतात, जमीन जागची हलत नाही. अथालच्या माणसांनी मात्र घराचा उंबरा न ओलांडता राज्यं बदललेली पाहिली. पेशव्यांनी १७७९च्या तहानुसार एका पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीपोटी नगर हवेलीचा महसूल तोडून दिला आणि १७८३मध्ये ताबा गेला. दादरा पोर्तुगीजांनी दोन वर्षांनी विकत घेतलं. पुढे १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. सुधीर फडके त्या लढ्यात होते आणि निधीसाठी लता मंगेशकरांनी कार्यक्रम केला, हे मराठी घरांत अजून अभिमानाने सांगितलं जातं. त्यानंतरची सात वर्षं मात्र फार कुणाला आठवत नाहीत. या काळात मुक्त प्रदेशाचा स्वतःचा, म्हणजे वरिष्ठ पंचायतीचा, कारभार होता, जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर शिक्का मारून टपालही चालत होतं आणि पोर्तुगालने तिथे पोहोचण्यासाठी वाट मागत भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं. त्या खटल्याचा निकाल १२ एप्रिल १९६०ला लागला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतात विलीन झाला. करारावर सही करण्याचा अधिकार असावा म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला तेवढ्यापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान करण्यात आलं होतं!

मग तिथल्या लोकांना भारताचे नागरिक करून घेण्यासाठी १९६२मध्ये आदेश निघाला. त्याची कसोटी अशी होती: जो स्वतः, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणी विलीनीकरणापूर्वी या प्रदेशात जन्मलं, तो भारतीय. गोवा, दमण आणि दीवसाठीही त्याच वर्षी असाच आदेश निघाला. स्वतः, आई-बाप, आजी-आजोबा ही उतरंड फिफाच्या पात्रतेच्या नियमात जवळपास जशीच्या तशी सापडते.

फिफाला ती सुचायला बराच वेळ लागला. अल्फ्रेडो दी स्तेफानो अर्जेंटिना आणि स्पेनकडून खेळला, मधे कोलंबियाचाही शर्ट घातला. हंगेरीचा पुश्काश १९६२च्या विश्वचषकात स्पेनच्या संघात होता. त्यानंतर एका देशाकडून खेळलेल्याने दुसऱ्याकडे जायचं नाही असं ठरलं. पण ज्याने कुणाकडूनच खेळलेलं नाही त्याचं काय? २००४मध्ये कतारने जर्मनीत गोल करत सुटलेल्या आयल्तोन या ब्राझिलियनाला नागरिकत्व देऊन खेळवायचा घाट घातला, तेव्हा फिफा खडबडून जागी झाली. नुसता नवा पासपोर्ट चालणार नाही, असं तिने बजावलं. खेळाडूचा, त्याच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म त्या देशाच्या फुटबॉल महासंघाच्या हद्दीत हवा, नाहीतर ठरावीक वर्षांचं वास्तव्य हवं. ही मुदत आधी दोन वर्षं होती, २००८मध्ये पाच झाली. २०२०मध्ये संघ बदलायची वाट थोडी रुंद केली: वयाच्या एकविसाव्या वर्षाआधी वरिष्ठ संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने, त्यानंतर तीन वर्षं गेलेली, आणि विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळलेलं नसणं. नुसते मैत्रीपूर्ण सामने तर मुळात बांधूनच ठेवत नाहीत.

‘महासंघाच्या हद्दीत’ हे शब्द अथालसाठी महत्त्वाचे. ती हद्द आजची धरली, तर १९५७ सालच्या त्या मुलाचा नातू अथालच्या जोरावर भारताशी नातं सांगू शकतो, पोर्तुगालशी नाही. गोव्यात तर याचं जितंजागतं उदाहरण आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावात मार्च १९५४मध्ये जन्मले, म्हणजे पोर्तुगीज अमलात. पुढे ते भारताचे गोलरक्षक आणि कर्णधार झाले, २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या भारतीयत्वाबद्दल कुणाच्या मनात शंकाही आली नाही. उलटा प्रवास मोझांबिकच्या युझेबियोचा. मोझांबिक पोर्तुगालचा ‘सागरपार प्रांत’, म्हणून १९६६च्या विश्वचषकात तो पोर्तुगालसाठी गोल करत होता. मोझांबिक १९७५मध्ये स्वतंत्र झालं तेव्हा त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपलेली होती.

भारताची अडचण फिफाच्या नियमात नाहीच. फिफाला आजी-आजोबा पुरतात, भारत सरकारला भारतीय पासपोर्ट लागतो, आणि तो घ्यायचा तर दुसरा सोडावा लागतो. परदेशस्थ भारतीय नागरिकाचं ओसीआय कार्ड खेळायला चालत नाही. क्रीडा मंत्रालयाने २००८मध्येच ही दोरी आवळली. पुणे एफसीचे सामने पाहिलेल्यांना अराता इझुमी आठवत असेल. जपानमध्ये जन्मलेला, वडील मूळचे गुजराती. २०१२मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय घेतलं, कागदोपत्री नीलकंठ खांभोलजा झाला आणि २०१३मध्ये भारतासाठी मैदानात उतरला. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. अनेक वर्षं तो एकटाच अपवाद राहिला.

नोव्हेंबर २०२५मध्ये दुसरा आला, तो मुंबईच्या वाटेने. पर्थमध्ये जन्मलेला रायन विल्यम्स बेंगळुरू एफसीकडून खेळतो. त्याची आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५०च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून रायन २०१९मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध एकच मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, त्यामुळे फिफाची आडकाठी नव्हती. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून तो भारतीय झाला आणि संघाबरोबर ढाक्याला गेलाही. पण परवानगीचे कागद वेळेत हाती आले नाहीत आणि १८ नोव्हेंबरला बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात तो बाहेर बसला. सामन्याआधी खेळाडूचा चेहरा, यादीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव ताडून पाहतात. तिथे आजोबांची पुण्याई कामाला येत नाही, कागद लागतो.

भारत तो सामना ०-१ने हरला. बांगलादेशकडे हमझा चौधरी होता, इंग्लंडच्या लफबरोत जन्मलेला आणि इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळलेला. त्याला आपला ब्रिटिश पासपोर्ट टाकून द्यावा लागला नाही. त्याच तारखेला तिकडे किंग्स्टनमध्ये क्युरासावने जमैकाशी बरोबरी साधून २०२६च्या विश्वचषकात जागा मिळवली. क्युरासावची वस्ती दीड लाखाच्या आसपास आणि संघ जवळपास सगळा नेदरलँड्समध्ये जन्मलेला. २०११च्या जनगणनेत एकट्या दादरा-नगर हवेलीत ३,४३,७०९ माणसं होती.

या आकड्यांवरून लगेच ‘ओसीआय खेळाडूंना आणा’ म्हणून ओरडा होतो. मला तो अर्धाच पटतो. क्युरासावची पोरं डच अकादमींत घडली, आजीच्या जन्मदाखल्यावर नाही. २०२२मध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ परदेशात जन्मलेले होते, हे सगळे सांगतात. उरलेले १२ मोरोक्कोत जन्मले, हे कुणी सांगत नाही. दार किलकिलं करायला माझी हरकत नाही, पण त्यावरच सगळी मदार ठेवली की काय होतं, ते मलेशियाने दाखवलं.

जून २०२५मध्ये मलेशियाने व्हिएतनामला ४-०ने लोळवलं. सप्टेंबरमध्ये फिफाने मलेशियाच्या सात खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी आणली आणि महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड केला. आजी-आजोबा पेनांग, मलाक्का, सरावाकचे म्हणून दाखवले होते. मूळ नोंदी काढल्या तर ती मंडळी अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्सची निघाली. त्याआधी पूर्व तिमोर, तोही एकेकाळी पोर्तुगालचाच, ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बारा खेळाडूंच्या बनावट जन्म आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यांमुळे २०१७मध्ये पकडला गेला होता.

पोर्तुगीज जन्मनोंद हा मोठा बोलका कागद असतो. बाळाचं नाव, जन्माचा दिवस आणि वेळ, आई-बाप, आणि मग दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं. फिफाला हवी असलेली वंशावळ एका पानात. दमण, गोवा, सिल्वासाकडच्या कितीतरी कुटुंबांनी याच नोंदींवरून लिस्बनमध्ये जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढले, कारण १९ डिसेंबर १९६१पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगाल अजून आपलं मानतो. नेहमीचा रस्ता तिथून इंग्लंडला जायचा. नोंद त्यांच्याच घरात असते ज्यांनी ती करून घेतली. दमणगंगेकाठच्या वारल्यांपैकी कितीजण पोर्तुगीज कचेरीच्या पायऱ्या चढले असतील, याचा अंदाज करणं अवघड नाही.

आता अशी नोंद असलेल्या अथालच्या एखाद्या घरातला नातू लेस्टरमध्ये वाढला, तिथेच शाळेत गेला आणि खरंच चांगला खेळायला लागला तर? ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, की इंग्लंडकडून खेळायला त्याला काही अडचण नाही. पोर्तुगालचा पासपोर्ट खिशात आहे, पण लिस्बनमध्ये ना आजोबा जन्मले ना तो पाच वर्षं राहिला, तेव्हा फिफा तिथे कपाळाला आठ्या घालेल. भारताशी फिफाच्या दृष्टीने नातं पक्कं आहे, आजोबा अथालचे. फक्त त्यासाठी त्याला पोर्तुगालचा, आणि एव्हाना काढला असेल तर ब्रिटनचाही पासपोर्ट सोडून, रायन विल्यम्ससारखं भारतात येऊन राहावं लागेल, भारतीय नागरिकत्वाचा अर्ज भरावा लागेल आणि वाट पाहावी लागेल.