झाकली बाटली सव्वा लाखाची

दारू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक, गुत्त्यावरून झोकांड्या खात येणारा माणूस आणि दाराशी वाट पाहणारी त्याची बायको. दुसरे, पंचतारांकित हॉटेलात पेला नाजूक बोटांनी धरून अगम्य नावे उच्चारणारी मंडळी. या दोहोंच्या मधे साध्या घरातली, बेताच्या किमतीची वाइन कुठे तरी बसते. तिच्याविषयी मात्र आपण मोकळेपणाने बोलत नाही.

आमचे सारोळे पुणे-सातारा रस्त्यावरचे, नीरेकाठचे गाव. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. इथल्या जिभा घडल्या त्या आंबेमोहोरावर. तांदूळ घेताना आमच्याकडची बाई चार दाणे तळहातावर चोळून वास घेते, दोन दाताखाली धरते आणि मग भाव विचारते. वाइन पारखण्याची रीतही हीच. फक्त आपण तिथे भाव आधी विचारतो आणि चव नंतर ठरवतो.

वाइन आता परदेशी पाहुणीही राहिलेली नाही. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राच्या मदतीने फसफसणारी वाइन केली. 2000 साली राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन नाशिकहून बाजारात आली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. त्यामुळे सहा-सातशे रुपयांच्या आत आपल्याच मातीतली लाल वाइन मिळू लागली.

लाल वाइनचा लाल रंग सालीचा. काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा पांढुरकाच असतो. तो सालीसकट आंबवला की रंग उतरतो. कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड आवळते तसा तुरटपणा येतो तोही साल आणि बियांतून. पोर्टचे शास्त्र निराळे. रसातली साखर पुरती संपण्याआधीच त्यात द्राक्षांचे मद्यार्क घालून आंबणे थांबवतात. म्हणून ती गोड आणि कडक. साध्या वाइनमध्ये 12 ते 14 टक्के मद्यार्क, तर खऱ्या पोर्टमध्ये 20च्या आसपास. ती पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द 1756 सालीच आखून दिली गेली. गोव्याहून येताना आपण पिशवीतून आणतो ती स्वस्त ‘पोर्ट’ बहुधा नावापुरती. गोड लाल वाइन म्हणूनच तिला जोखावे. त्यात तिची नाचक्की नाही.

किंमत जिभेला कशी फसवते याचे दाखले गमतीचे आहेत. 2001 साली फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रेदरिक ब्रोशे यांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले! 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबले न पाहता चव घेतली, तेव्हा त्यांच्या नामांकित वाइन मागे पडून कॅलिफोर्नियाची पहिली आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी झाकली बाटली.

म्हणून आमच्या घरी बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आकडे घालतात. तीन लाल, एक पोर्ट. गोडाने जीभ बधिरते म्हणून पोर्ट शेवटी. उन्हाळ्यात लाल वाइन अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, 16 ते 18 अंशांवर ती खुलते. पेला तिसरा हिस्सा भरायचा. पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहायचा, पेला फिरवून वास घ्यायचा, मग छोटा घोट तोंडात घोळवायचा. गुण वीस: रंगाला 3, वासाला 6, चवीला 7 आणि गिळल्यावर मागे उरते त्याला 4. गुण प्रत्येकाने मुकाट्याने लिहायचे, नाही तर घरातला मोठ्या आवाजाचा माणूसच जिंकतो. कागद उतरल्यावर महागडी बाटली तिसरी आलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

दोष ओळखणे त्याहून सोपे. व्हिनेगरचा वास, भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास, कोवळ्या वाइनला आलेला विटकरी रंग, यांतले काही आढळले की बाटली बाद. दुकानात उन्हात उभी असलेली बाटली घेऊच नये. फिरकीचे झाकण मात्र हलकेपणाचे लक्षण नव्हे. उघडलेली लाल वाइन फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, कडक पोर्ट दोन-तीन आठवडे. झणझणीत रश्श्याबरोबर तुरट वाइन तिखट वाढवते. तिथे मऊ, फळाळ वाइन बरी. पोर्टबरोबर पुरंदरचे सुके अंजीर खाऊन पाहा.

माझी आई या खेळात बसत नाही. “नाव काही द्या, दारू ती दारूच,” म्हणते. तिला उत्तर द्यायला मी जात नाही, कारण तिने गावोगावची घरे बसलेली पाहिली आहेत. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला कौल दिला की दुकान बंद, हा नियम महाराष्ट्रात उगाच आलेला नाही. पोर्ट औषधी असते, हृदयाला बरी असते, ही पळवाटही आता सोडावी. कितीही थोडे मद्य निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे.

तेव्हा आमच्याकडे नियम आईचे चालतात. परवान्याशिवाय नाही, एकविसाच्या आतल्याला नाही, चारी बाटल्या मिळून माणशी एका पेल्याहून जास्त नाही. आणि ज्याने घोट घेतला त्याने गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. दारातून महामार्ग जातो. हे पाळून जी बाटली दुसऱ्या दिवशीही अर्धी भरलेली सापडते, तीच चाखण्यासाठी आणली होती असे समजावे.