अंगणातला हौद

ठाकुर्लीहून कल्याणला आणि तिथून गाडीने पुण्याला जाणारी आपली माणसे बहुधा शनिवारवाडा बघून परततात. आम्हीही बरीच वर्षे तेच केले. मुलांना दिल्ली दरवाजाचे खिळे दाखवायचे, भेळ खायची आणि घर गाठायचे. गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा आम्ही फार उशिरा पाहिला.

वाडा म्हटले की विश्रामबागवाडा आठवतो. दुसऱ्या बाजीरावाने १८०८ च्या सुमारास बांधलेला, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, नक्षीदार सज्जा. फुल्यांचे घर तसले नाही. कौलारू छप्पर, लाकडी खांब, बेताच्या खोल्या, अंगण. ज्योतिराव बांधकामाची कंत्राटे घेत, खडकवासला धरणाच्या कामालाही त्यांनी माल पुरवला. पण घरात डामडौल नाही.

जुन्या वाड्यात देवडी, ओसरी, माजघर असा क्रम असे. कोणी कुठवर यायचे हे जातीवर ठरे. पाणी आतल्या बाजूला. अस्पृश्याने बाहेर थांबायचे, कुणी वरून ओतले तर प्यायचे. १८६८ साली ज्योतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आमच्या घरची मंडळी त्या हौदापाशी बराच वेळ थांबली. नळाच्या रांगेत उभी राहिलेली बाई, तिला पाण्याची किंमत आम्ही काय सांगणार!

अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतात थॉमस जेफरसनचे माँटिसेलो नावाचे घर आहे. घुमट, पांढरे खांब, लोक लांबून बघायला येतात. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाच्या त्या मळ्यावर त्याच्या हयातीत सुमारे ४०० गुलाम राबले. १८६५ साली त्या देशात गुलामी कायद्याने बंद झाली. पुण्यातल्या ज्योतिरावांनी त्याची दखल घेतली आणि १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ज्योतिराव गेले. घरामागे मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती. वस्तीची जागा म्हणून परवानगी मिळाली नाही. दहन झाले आणि अस्थी याच आवारात ठेवल्या. तिथे आता वृंदावन आहे.

मुलांना घेऊन जाल तेव्हा आधी हौद दाखवा, मग समाधी.