आठवड्याला चार मेसेज

हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसरा झटका येण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तो कमी कसा करायचा हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. तंबाखू सोडायची, रोज चालायचे, मीठ आणि तेल-तूप बेताने खायचे, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. घोडे अडते ते पाळण्यात. रुग्णालयात असेपर्यंत भीती ताजी असते आणि पथ्यही काटेकोर असते. घरी येऊन दोन-तीन महिने झाले की चालणे आज नाही उद्यावर जाते आणि एखादी गोळी राहून जाते. झटक्यानंतरच्या पुनर्वसनाचे वर्ग अनेक देशांत चालतात, पण कामधंदा, अंतर आणि कंटाळा यांमुळे बहुतेक रुग्ण तिकडे फिरकतच नाहीत. रुग्ण रुग्णालयात येत नसेल तर सल्ला त्याच्या खिशात पाठवावा, या विचारातून मोबाइल संदेशांचे कार्यक्रम उभे राहिले.

यातला सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ क्लारा चाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 ते 2013 या काळात हृदयधमन्यांचा आजार असलेले 710 रुग्ण निवडले. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्या उपचारांच्या जोडीला सहा महिने, आठवड्याला चार संदेश गेले. प्रयोगाचे नाव होते ‘टेक्स्ट मी’.

वरवर पाहता काम सोपे वाटते, पण खरी मेहनत संदेश लिहिण्यात होती. मजकुराचा मसुदा आधी डॉक्टरांनी आणि वर्तनशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासला, मग तो रुग्णांना वाचायला दिला गेला. भाषा कळते का, सल्ला उपयोगी वाटतो का, हे त्यांना विचारून संदेश सुधारले गेले. धूम्रपान, आहार, व्यायाम आणि हृदयाविषयीची सर्वसाधारण माहिती असे विषयांचे चार कप्पे केले होते. जो सिगारेट ओढत नाही त्याला ती सोडण्याचा उपदेश जाणार नाही, शाकाहारी माणसाला मांसाबद्दलचा सल्ला जाणार नाही, अशी निवड संगणक करत असे. काही संदेशांत रुग्णाला आवडणाऱ्या नावाने हाक मारलेली असे. वार आणि वेळ मात्र मुद्दाम बदलती ठेवली होती. संदेश कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, पण ठरलेल्या ठोक्याला नाही. रोज त्याच वेळी वाजणाऱ्या सूचनेकडे माणूस लवकरच काणाडोळा करतो, हे लक्षात घेतले तर ही युक्ती शहाणपणाची म्हणावी लागेल.

निष्कर्ष 2015 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. सहा महिन्यांनंतर संदेश मिळालेल्यांचे वाईट कोलेस्टेरॉल सरासरी 79 होते आणि दुसऱ्या गटाचे 84. हा फरक लहानच आहे. पण वरचा रक्तदाब एका गटात 128 आणि दुसऱ्यात जवळपास 136 होता. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण 26 टक्के आणि 44 टक्के असे निघाले. संदेश उपयोगी वाटले असे दहांपैकी नऊ जणांनी सांगितले. इतक्या स्वस्त उपायाला हे यश मोठेच. तरी हा प्रयोग एकाच केंद्रातला होता, त्यात पुरुषांचा भरणा होता आणि व्यायाम किती केला हे रुग्णांनी स्वतःच सांगितलेले होते, हे विसरून चालत नाही.

पुढच्या प्रयोगांनी उत्साहाला थोडा लगाम घातला. ऑस्ट्रेलियातच 18 रुग्णालयांतल्या 1424 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षभर संदेश पाठवून पाहिले. गोळ्या नियमित घेण्याच्या बाबतीत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चीनमध्ये 37 रुग्णालयांतल्या 822 रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्याला सहा संदेश गेले, पण रक्तदाबावर परिणाम दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला उच्च रक्तदाबाच्या 1372 रुग्णांचे तीन गट केले होते. फक्त माहिती मिळालेल्या गटाचा वरचा रक्तदाब नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे दोन अंकांनी उतरला. ज्यांना उत्तर देण्याचीही सोय होती, त्यांना त्याहून जास्त लाभ झाला नाही. संवाद दुहेरी केला की परिणाम दुप्पट होतो, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

तंबाखूच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. ब्रिटनमधल्या 5800 धूम्रपान करणाऱ्यांवरचा प्रयोग 2011 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे पाच आठवडे दिवसाला पाच संदेश जात. तलफ आली तर ठरलेला शब्द पाठवायचा, की लगेच धीर देणारा मजकूर येई. सहा महिन्यांनी शरीरातील निकोटिनच्या खुणा तपासून खात्री केली, तेव्हा संदेश मिळालेल्यांतल्या 10.7 टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटातल्या 4.9 टक्क्यांनी सिगारेट सोडलेली आढळली.

भारतातही पाया आहे. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे संदेश पाठवून पाहिले गेले. संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना मधुमेह झाला. मधुमेह हे हृदयविकाराचे मोठे कारण असल्याने हा आकडा इथे मोलाचा ठरतो. 2016 मध्ये केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तंबाखूमुक्तीसाठी असाच कार्यक्रम सुरू केला. नाव नोंदवायला फक्त एक मिस्ड कॉल द्यायचा. पैसे न खर्चता निरोप पोचवण्याची ही देशी क्लृप्ती सरकारने उचलली, हे बरे झाले.

मराठीत असा कार्यक्रम लिहायचा तर पहिली अडचण जागेची येते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त 70. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘मीठ दिवसाला एक चमचाच. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यातच धरा.’ हा मजकूर 65 खुणांत बसतो. त्याच्या आधी ‘सुरेशराव,’ अशी हाक घातली की मोजणी 75 वर जाते, संदेशाचे दोन तुकडे होतात आणि पाठवण्याचा खर्चही दुप्पट होतो. आपुलकीची किंमत इथे अशी रोकडी मोजावी लागते. तरीही हाकेसाठी जागा करावी, आणि त्यासाठी हवे तर फरसाण गाळावे.

मजकूरही इथल्या ताटातला हवा. ऑस्ट्रेलियातल्या यादीचे भाषांतर करून भागणार नाही. चपातीवरचे तूप, उपासाचा साबुदाणा, दुपारच्या चहाबरोबरची खारी, गावाकडची मिश्री, खिशातली तंबाखूची पुडी यांच्याविषयी बोलले तरच वाचणारा स्वतःला ओळखेल. शिवाय भारतात एसएमएसची पेटी बँका, ओटीपी आणि जाहिरातींनी भरलेली असते. तिथे आरोग्याचा संदेश हरवू नये म्हणून डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने रुग्णाला कार्यक्रम समजावून सांगून त्याची संमती घेणे, आणि संदेश कोणत्या नावाने येईल ते दाखवून ठेवणे आवश्यक आहे. मोबाइल बऱ्याच घरांत मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. त्यामुळे स्त्री रुग्णाचा संदेश तिच्यापर्यंत पोचतो का, हेही विचारावे लागते.

आजवरच्या पुराव्यावरून एवढे नक्की म्हणता येते की असे संदेश तंबाखू सोडायला चांगली मदत करतात आणि चालण्या-खाण्याच्या सवयींना हातभार लावतात, पण गोळ्या घ्यायला लावण्यात त्यांचे बळ तोकडे पडते. छातीत दुखू लागले तर मोबाइल संदेशासाठी नव्हे, 108 ला फोन करण्यासाठी हातात घ्यावा.