भाजीपाल्यातील सूत्रकृमी : मुळांच्या रक्षणासाठी उपयुक्त जिवाणू

भात कापणीनंतर रत्नागिरी जिल्ह्यात वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, काकडी ही पिके घेतली जातात. पाणी, खत देऊनही झाडे खुजी व पिवळी राहत असतील, दुपारी मलूल होत असतील, तर युरियाचा आणखी हप्ता देण्याआधी एक झाड अलगद उपटून मुळे धुवून पाहा. मुळांवर गाठी दिसल्यास ती सूत्रकृमीची लागण समजावी. चवळीसारख्या कडधान्याच्या मुळांवरील नत्राच्या गाठी बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमीच्या गाठीत मूळच फुगलेले असते.

सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. एक मादी शेकडो अंडी घालते आणि उबदार जमिनीत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. म्हणून उपाय लागवडीपूर्वीच हवा.

जिवाणू काय करतात?

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांभोवती वस्ती करतो. त्याने सोडलेले पदार्थ अंडी व पिल्लांना घातक ठरतात, तसेच झाडाची प्रतिकारशक्ती वाढते. बॅसिलस सबटिलिसही असेच काम करतो. मात्र मुळात शिरलेली सूत्रकृमी यामुळे बाहेर निघत नाही.

वापर कसा करावा?

- बियाणे : प्रति किलो १० ग्रॅम स्युडोमोनास भुकटी चोळून सावलीत सुकवावे.
- रोपवाटिका : गाठी आढळलेल्या जागी वाफे करू नयेत. पावसाळाभर पाणी साचलेल्या खाचरात या सूत्रकृमी कमी असतात. गाठी असलेले एकही रोप लावू नये; त्याच्याबरोबर कीड शेतात जाते.
- शेत : एकरी १ किलो, म्हणजे गुंठ्याला २५ ग्रॅम भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळावी. लागवडीवेळी ओल असताना मुळांजवळ द्यावी. सोबत निंबोळी पेंड वापरल्यास फायदा वाढतो.

ही काळजी घ्या

पाकिटावरील मुदत पाहूनच खरेदी करा. पाकीट उन्हात ठेवू नका. ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा रासायनिक खतात भुकटी मिसळू नका, जिवाणू मरतात. पीक संपल्यावर गाठीची मुळे बांधावर न टाकता गोळा करून जाळा. त्या जागी पुन्हा वांगी-टोमॅटो न घेता झेंडू किंवा भात घ्या.

निदानाची खात्री नसल्यास मुळांसह मातीचा नमुना दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवा. उपटलेले एक झाड तुमचा पूर्ण हंगाम वाचवू शकते.