आनंदघनांच्या छोट्या तबकड्या

ध्वनिमुद्रिकांचे वर्गीकरण प्रामुख्याने त्यांच्या गतीवरून केले जाते. मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी सर्वांत जुनी. ती लाख, दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि सुती तंतू यांच्या मिश्रणातून तयार होत असे. हातातून निसटली की तिचे तुकडे होत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. 1948 मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांहून किंचित जास्त वेगाने फिरणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका, म्हणजेच एलपी, बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिच्या प्रतिस्पर्धी आरसीए कंपनीने 45 फेऱ्यांची सात इंची छोटी तबकडी काढली. या दोन्ही प्रकारांत लाखेची जागा व्हायनिल या लवचीक कृत्रिम पदार्थाने घेतली आणि चर अधिक बारीक झाले. छोट्या तबकडीच्या दर बाजूला एक गाणे असेल तर ती सिंगल किंवा एसपी, आणि दोन-दोन गाणी असतील तर ती ईपी. आपल्याकडे चित्रपटगीते आणि भावगीते घरोघर पोहोचली ती मुख्यतः या ईपीमुळे.

पाश्चात्त्य देशांत छोट्या तबकड्यांचा संग्रह हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. ऐंशीच्या दशकातील डुरान डुरान किंवा डिपेश मोड यांसारख्या ब्रिटिश गायकवृंदांचे चाहते त्यांच्या प्रत्येक सिंगलच्या निरनिराळ्या आवृत्त्या शोधत असतात. रंगीत व्हायनिल, चित्र छापलेली तबकडी, दुसऱ्या देशातील वेगळे वेष्टन आणि मुख्य अल्बममध्ये कधीही न आलेले दुसऱ्या बाजूचे गाणे, ही त्यांच्या शोधाची उद्दिष्टे. अशा संग्रहाचा खरा आनंद त्याच्या मर्यादेत असतो. एका वृंदाने ठरावीक वर्षांत ठरावीक तबकड्या काढल्या; म्हणजे यादी पूर्ण होऊ शकते, आणि एखादी तबकडी मिळाली नाही तर नेमके काय राहिले हे सांगता येते.

मराठी संग्राहकाला, आणि त्यातही कोल्हापूरकराला, अशीच एक सीमित आणि अत्यंत मौल्यवान यादी उपलब्ध आहे. ती आनंदघन या संगीतकाराची. या नावाने चार चित्रपटांना संगीत लाभले: ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964), ‘साधी माणसं’ (1965) आणि ‘तांबडी माती’ (1969). चारही चित्रपट भालजी पेंढारकरांचे आणि कोल्हापूरच्या मातीतले. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी ते मोजक्याच लोकांना माहीत होते.

या नावामागची हकिकत लताबाईंनी स्वतः सांगितलेली आहे. भालजींना चित्रपटासाठी संगीतकार मिळत नव्हता, तेव्हा आपणच चाली बांधू असे लताबाईंनी सुचवले. भालजींना मात्र चिंता वाटली, की गाणी चालली नाहीत तर इतक्या मोठ्या गायिकेच्या नावाला बाध येईल. त्यावर टोपणनावाचा तोडगा निघाला. ‘साधी माणसं’ या चित्रपटाला राज्य शासनाचे आठ पुरस्कार मिळाले, त्यांत संगीताचाही होता. पुरस्कार समारंभात आनंदघन यांचे नाव पुकारले गेले तेव्हा कोणीच उठेना, आणि अखेर व्यासपीठावरूनच ते गुपित फोडले गेले, असे सांगतात.

भालजींच्या अडचणीत लताबाई इतक्या तत्परतेने पुढे याव्यात, याला कोल्हापूरचा पूर्वसंबंध कारणीभूत आहे. 1942 मध्ये मास्टर दीनानाथांचे निधन झाल्यावर मंगेशकर कुटुंबाला मास्टर विनायकांनी आधार दिला, आणि त्यांच्या चित्रसंस्थेच्या निमित्ताने ही भावंडे काही काळ कोल्हापुरात राहिली. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावातली. 1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली तीही येथेच. प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली; भालजींचा स्टुडिओ मात्र कोल्हापुरातच होता. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. त्याच जाळपोळीत कोल्हापूर जिल्ह्यातीलच एका तरुणाचे घर जळाले आणि त्या दुःखातून त्याची पहिली कविता जन्मली. तो तरुण म्हणजे जगदीश खेबुडकर. पुढे ‘साधी माणसं’मधील लोहाराच्या भात्यापुढचे सुप्रसिद्ध गीत त्यांनीच लिहिले. एकाच आगीत होरपळलेला निर्माता आणि कवी सतरा वर्षांनी एका तबकडीवर एकत्र आले, ही गोष्ट मला या संग्रहातील सर्वांत मोलाची वाटते.

तबकडीचे लेबल वाचणे ही या छंदातील पहिली विद्या. साध्या नजरेला लेबलावर कुत्रा आणि कर्णा दिसतो. संग्राहक त्याच्याभोवतीची अक्षरे वाचतो. चित्रपटाचे नाव, गायक, गीतकार, संगीतकार, गती, अनुक्रमांक आणि बाजू, एवढे सगळे त्या लहानशा वर्तुळात दाटीने बसवलेले असते. आनंदघनांच्या बाबतीत हे वाचन विशेष रंजक आहे. ‘मराठा तितुका मेळवावा’मधील ‘अखेरचा हा तुला दंडवत’ या गीताचे कवी ‘योगेश’; हे योगेश म्हणजे स्वतः भालजी पेंढारकर. म्हणजे ज्या गीताने पिढ्यान्‌पिढ्यांचे डोळे ओले केले, त्याच्या श्रेयनामावलीत कवीही टोपणनावाने आणि संगीतकारही टोपणनावाने; आवाज तेवढा उघड्या नावाचा. त्याच चित्रपटात शांता शेळके यांची ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी आहे. ती आशाबाईंच्या कंठात ठेवून स्वतः संगीतकाराच्या आसनावर बसण्याचा विवेक आनंदघनांनी दाखवला.

लेबलाच्या बाहेर, शेवटचा चर संपून गुळगुळीत पट्टा सुरू होतो तिथे आणखी एक अक्षरमाला असते. ती छापलेली नसून साच्यावर कोरलेली असल्यामुळे तबकडीच्या अंगातच उमटलेली असते. उजेडाकडे तिरकी धरून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. हा साच्याचा क्रमांक, संग्राहकांच्या बोलीत मॅट्रिक्स नंबर. वेष्टन बदलता येते, लेबल दुसरे चिकटवता येते. कोरलेला क्रमांक मात्र बदलता येत नाही. दोन तबकड्यांची लेबले एकसारखी असूनही हे क्रमांक वेगळे निघाले, तर त्या दोन वेगवेगळ्या साच्यांतून निघालेल्या आहेत असे समजावे. यादी करताना हा क्रमांक टिपून न ठेवणारा संग्रह माझ्या मते अपुराच.

1960 च्या दशकाचा पूर्वार्ध हा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील संधिकाल आहे. भारतात ग्रामोफोन कंपनीचे वर्चस्व होते. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन ही सर्व मुद्रानामे तिचीच. शहरातील नव्या विद्युत यंत्रांसाठी 45 फेऱ्यांच्या तबकड्या निघू लागल्या, तरी चावीचे फोनो गावोगाव शिल्लक असल्यामुळे 78 फेऱ्यांच्या तबकड्याही सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिल्या. त्यामुळे या काळातील कोणत्याही मराठी चित्रपटाचा मागोवा घेताना दोन्ही रूपांचा शोध घ्यावा लागतो. लाखेच्या तबकडीवर आवाज अधिक भरीव वाटतो असे अनेक जाणकार म्हणतात. पण खरखर कमी आणि चार गाणी हाताशी, या दोन कारणांनी ईपी लोकप्रिय झाली, हे मान्य केले पाहिजे.

ईपीचा उपयोग केवळ घरात बसून ऐकण्यापुरता नव्हता. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत लग्न, बारसे, जत्रा आणि गणेशोत्सव यांत लाउडस्पीकरवाल्याला मानाचे स्थान असे. झाडाला किंवा बांबूला भोंगा बांधायचा, खाली टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर मांडायचा, शेजारी पत्र्याच्या पेटीत उभ्या लावलेल्या तबकड्या. गाणे संपत आले की पुढची तबकडी हातात तयार पाहिजे, कारण भोंगा मुका पडला की मांडवातली माणसे माना वळवून पाहत. घरगुती वापरासाठी एचएमव्हीचा फिएस्टा हा छोट्या पेटीसारखा, बॅटरीवर चालणारा प्लेअर मध्यमवर्गाला परवडू लागला. जुन्या वेष्टनांवर म्हणूनच तीन प्रकारच्या खुणा आढळतात: शाईने लिहिलेले मालकाचे नाव, लग्नभेटीचा मजकूर, किंवा एखाद्या लाउडस्पीकर सर्व्हिसचा जांभळा रबरी शिक्का. काही संग्राहक अशा प्रती दूर सारतात. कोरे, निष्कलंक वेष्टन त्यांना हवे असते. मला हा आग्रह पटत नाही. शिक्का असलेली प्रत ती तबकडी कुठे वाजली हे सांगते, आणि कोल्हापूरच्या चित्रगीतांच्या बाबतीत ही माहिती दुसऱ्या कोणत्याही कागदावर नोंदलेली नाही.

मांडवात वाजलेल्या तबकडीची झीज मात्र ध्यानात घ्यावी लागते. सुई बोथट, वजन जास्त आणि धूळ भरपूर, त्यामुळे चराच्या भिंती घासल्या जातात आणि तार षड्‌जावर आवाज फाटतो. लताबाईंच्या आवाजात ही झीज लगेच कळते. तबकडी घेताना म्हणून ती दिव्याखाली फिरवून पाहावी. वरवरचे केसासारखे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा हमखास ऐकू येतो. चकाकी जाऊन राखी छटा आली असेल तर तबकडी भरपूर वाजलेली आहे, मग वेष्टन कितीही सुंदर असो. सुईचाही विचार हवा. 78 च्या रुंद चरासाठी साधारण 75 मायक्रॉन टोकाची, तर ईपीसाठी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा त्याहून बारीक सुई लागते. एकाच सुईने दोन्ही वाजवणे म्हणजे दोहोंचे नुकसान.

कोल्हापूरच्या हवेत तबकड्या जपणे सोपे नाही. येथील पावसाळा दीर्घ आणि ओला. कपाटातल्या पुठ्ठ्याला आठवडाभरात बुरशीचा वास येतो. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांत अनेक घरांतली पुस्तके आणि कागदपत्रे भिजली. पाण्याने व्हायनिलचे काही बिघडत नाही, पण लेबल सुटते, वेष्टन तबकडीला चिकटते आणि चरांत गाळ बसतो. अशी तबकडी वाळवण्याच्या घाईत उन्हात ठेवली तर ती वाकते आणि कायमची निकामी होते. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे थेंब घालून, चराच्या दिशेने मऊ ब्रशने धुवावी आणि सावलीत उभी करून निथळू द्यावी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कदापि लावू नये. लाख त्यात विरघळते. ठेवताना दोन्ही प्रकार उभेच ठेवावेत, एकावर एक रचू नयेत, आणि आतले पातळ कागदी पाकीट बदलले तरी मूळ बाहेरचे वेष्टन टाकून देऊ नये.

या तबकड्या आता दुकानांत मिळत नाहीत. ऐंशीच्या दशकात कॅसेटने बाजार व्यापला, तशी छोटी तबकडी मागे पडली, आणि घरोघरचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, आणि कोणी घर मोडून फ्लॅटमध्ये जात असेल तर त्याचा पोटमाळा, ही आजची मुख्य उगमस्थाने. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवून संग्राहकांना एकत्र आणले आणि सूचिलेखनाची शिस्त घालून दिली. कोल्हापूरच्या संग्राहकाने तीच शिस्त अंगी बाणवावी: प्रत्येक तबकडीसाठी एक पत्रक, त्यावर लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसह.

एक प्रश्न वारंवार निघतो. ‘राम राम पाव्हणं’ (1950) या दिनकर द. पाटील यांच्या चित्रपटालाही लताबाईंचेच संगीत आहे, पण ते त्यांच्या स्वतःच्या नावाने. त्या तबकड्या या संग्रहात धराव्यात काय? 1950 साली भारतात 45 फेऱ्यांची तबकडी आलेलीच नव्हती, त्यामुळे ती गाणी मुळात 78 च्या लाखेच्या तबकड्यांवरच निघाली. काटेकोर नियम लावला तर आनंदघन हे नाव नाही आणि छोटी तबकडीही नाही, म्हणून त्या वगळाव्या लागतील. परंतु चाल बांधणारी व्यक्ती तीच आहे, आणि तेरा वर्षांनंतरच्या आनंदघनांचे मूळ ऐकायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते. म्हणून मी त्या यादीच्या आरंभी, वेगळ्या शीर्षकाखाली आणि 78 च्या स्वतंत्र पेटीत ठेवण्याच्या मताचा आहे. सात इंची तबकड्यांच्या पेटीत त्या बसणारही नाहीत आणि शेजारी ठेवल्यास दुसऱ्यांच्या भाराने फुटतील.